दोन जीबी रॅमच्या फोनवर पायथन चालवताना: मेमरी वाचवण्याच्या पायऱ्या

धुळे, शहादा, चोपडा, जामनेर इथल्या कितीतरी मुलामुलींचा पहिला कॉम्प्युटर म्हणजे हातातला फोन असतो. त्यावर टर्मक्स किंवा पायड्रॉइड हे अ‍ॅप टाकून पायथन शिकायला सुरुवात होते. पहिले आठ-पंधरा दिवस सगळं मस्त चालतं. मग एक दिवस थोडी मोठी फाइल उघडली जाते, स्क्रीन क्षणभर अडखळते आणि प्रोग्राम नाहीसा होतो. एरर दिसत नाही, ओळ क्रमांक दिसत नाही. टर्मक्समध्ये फार तर ‘सिग्नल ९’ असं काहीतरी लिहून येतं किंवा नुसतं ‘किल्ड’. बहुतेक जण इथेच ठरवून टाकतात की हा फोन कोडिंगच्या कामाचा नाही, लॅपटॉप घेऊ तेव्हा बघू.

हा निष्कर्ष घाईचा आहे. रिकामा पायथन इंटरप्रीटर (आपला कोड चालवणारा प्रोग्राम) साधारण दहा एमबीच्या आसपास जागा घेतो. बाकीची जागा आपण त्याच्यात माहिती कोणत्या रूपात भरतो यावर जाते, आणि ते रूप आपल्या हातात आहे. तेवढं बदललं की दोन जीबीच्या फोनवर वर्षभराची आकडेवारी आरामात हाताळता येते. ती कशी, ते इथे क्रमाने सांगतो. बिनउदाहरणाच्या सल्ल्यातून काही शिकता येत नाही, म्हणून दोन उदाहरणं शेवटपर्यंत बरोबर ठेवू. पहिलं, रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत लावलेला सेन्सर, जो दर मिनिटाला तापमान आणि आर्द्रता नोंदवतो. दुसरं, गावोगावी गोळा केलेल्या अहिराणी शब्दांची यादी: शब्द, मराठी अर्थ, गाव.

एक सूचना आधीच देतो. कमांड आणि फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फोनवर टाइप करताना ती बहुतेक इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायची; ‘डिक्टरीडर’मधले डी आणि आर, ‘नन’चा एन आणि ‘ओओ’ मात्र मोठ्या अक्षरांत.

पायरी १: प्रोग्राम कोण मारतं ते ओळखा

लॅपटॉपवर मेमरी संपली की पायथन बऱ्याचदा ‘मेमरीएरर’ देतो. फोनवर तो शब्द क्वचितच दिसतो, कारण पायथनला कळायच्या आत अँड्रॉइड हस्तक्षेप करतं. अँड्रॉइडमध्ये एलएमकेडी नावाची एक व्यवस्था सतत पहारा देत असते. रॅम कमी पडू लागली की ती कमी महत्त्वाच्या अ‍ॅपपासून सुरुवात करून प्रोसेस बंद करत जाते. समोर उघडलेलं अ‍ॅप सगळ्यात शेवटी जातं, मागे गेलेलं आधी. म्हणून प्रोग्राम चालू असताना मध्येच व्हॉट्सअ‍ॅप किंवा कॅमेरा उघडला की धोका वाढतो. मोठं काम चालू असेल तर टर्मक्स समोर राहू द्या आणि बाकीचे अ‍ॅप आधी बंद करा.

टर्मक्सच्या नोटिफिकेशनमध्ये ‘वेकलॉक’चं बटण असतं. ते दाबलं की प्रोग्राम मरणार नाही अशी अनेकांची समजूत असते. वेकलॉक फक्त प्रोसेसरला झोपू देत नाही. मेमरीशी त्याचा संबंध नाही.

अँड्रॉइड १२ पासून आणखी एक नियम आला. अ‍ॅपने सुरू केलेल्या उपप्रोसेस सगळ्या मिळून ३२ च्या वर गेल्या की सिस्टिम त्या बंद करू लागते. तुमचा प्रोग्राम छोटा असूनही ‘सिग्नल ९’ येत असेल तर हे कारण तपासा. अँड्रॉइड १४ पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ही मर्यादा काढून टाकायची सोय आहे.

आणि सेटिंगमध्ये ‘रॅम वाढवा’ असा पर्याय देणारे फोन आता पुष्कळ आहेत. ती खरी रॅम नसते, स्टोरेजचा एक तुकडा असतो. प्रोग्राम त्याने कदाचित तग धरेल, पण रखडत चालेल. त्याच्यावर विसंबून काही लिहू नका.

पायरी २: आधी मोजा

कुठे जागा जाते हे अंदाजाने ठरवलं तर दिवस वाया जातो. मोजायला तीन साधनं पुरेशी आहेत, आणि तिन्ही फुकट आहेत.

पहिलं साधन लिनक्सचंच. प्रत्येक चालू प्रोसेसची माहिती ‘प्रॉक’ फोल्डरात असते. पायथनमधून प्रॉक, सेल्फ, स्टेटस या वाटेवरची फाइल उघडून छापा. त्यात ‘व्हीएमआरएसएस’ म्हणजे आत्ता रॅममध्ये प्रत्यक्ष किती जागा व्यापली आहे, आणि ‘व्हीएमएचडब्ल्यूएम’ म्हणजे आतापर्यंतचा सर्वोच्च आकडा. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण फोन आपल्याला मारतो तो शिखराच्या क्षणी. ‘व्हीएमस्वॅप’कडेही नजर टाका. अँड्रॉइड न वापरलेली मेमरीची पानं (छोटे तुकडे) दाबून झेडरॅममध्ये, म्हणजे रॅममधल्याच एका राखीव भागात, ठेवतं, त्यामुळे पहिला आकडा कधीकधी खोटा दिलासा देतो.

दुसरं साधन ‘ट्रेसमॅलॉक’. हे मॉड्यूल पायथनबरोबरच येतं. प्रोग्रामच्या सुरुवातीला त्याचं ‘स्टार्ट’ चालवा आणि शेवटी ‘गेट ट्रेस्ड मेमरी’ विचारा. चालू आणि सर्वोच्च असे दोन आकडे मिळतात. ‘टेक स्नॅपशॉट’ घेऊन त्याची ‘स्टॅटिस्टिक्स’ ओळ क्रमांकाप्रमाणे काढली तर कोणत्या ओळीने किती जागा घेतली याची यादीच समोर येते. नवख्या माणसासाठी यापेक्षा चांगला शिक्षक नाही. फक्त एवढं की ट्रेसमॅलॉक स्वतःही जागा खातं आणि वेग कमी करतं, तेव्हा तपासणी झाली की काढून टाका.

तिसरं, ‘सिस’ मॉड्यूलमधलं ‘गेटसाइझऑफ’. एका वस्तूचा आकार बाइटमध्ये सांगतं. यात एक फसगत आहे: लिस्ट दिली तर फक्त लिस्टचा आकार येतो, तिच्यातल्या वस्तूंचा नाही. लाख शब्दांची लिस्ट आठ लाख बाइट दिसते आणि माणूस निश्चिंत होतो. शब्द वेगळे मोजायचे असतात.

पुढे दिलेले आकडे ६४ बिटच्या पायथनचे आहेत. स्वस्त फोनमध्ये प्रोसेसर ६४ बिटचा पण अँड्रॉइड ३२ बिटचं असा प्रकारही असतो. टर्मक्समध्ये ‘युनेम’ कमांड ‘एम’ पर्यायासह चालवून पाहा. उत्तरात ‘एआर्च ६४’ आलं तर ६४ बिट. ‘आर्म’ने सुरू होणारं काही आलं तर ३२ बिट, आणि मग बरेचसे आकडे निम्म्याच्या आसपास धरा.

पायरी ३: फाइल एका घासात वाचू नका

फाइल उघडून ‘रीड’ किंवा ‘रीडलाइन्स’ म्हटलं की सगळी फाइल मेमरीत येते. त्यावर ‘स्प्लिट’ केलं की तीच माहिती दुसऱ्यांदा, तुकड्यांच्या रूपात. त्याऐवजी फाइलवर थेट ‘फॉर’ लूप लावा. पायथन एकेक ओळ देतो, आपण तिचं काम करून सोडून देतो, आणि फाइल पाच एमबीची असो की पाचशेची, मेमरी तेवढीच लागते. सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली फाइल) वाचणाऱ्या मॉड्यूलचा ‘रीडर’सुद्धा असाच ओळीओळीने चालतो. त्याला ‘लिस्ट’मध्ये गुंडाळून आपणच तो फायदा घालवतो.

मे महिन्यात तापमान ४५ च्या वर किती मिनिटं राहिलं, एवढंच हवं असेल तर एक मोजणी व्हेरिएबल आणि एक लूप पुरे. काहीही साठवायची गरज नाही. सरासरी, कमाल, किमान, बेरीज हे सगळं असंच चालता-चालता निघतं. जिथे चौकोनी कंसातली लिस्ट बनवून लगेच ‘सम’ला देता, तिथे चौकोनी कंस काढून टाका. मग ते जनरेटर होतं, म्हणजे एकेक आकडा लागेल तसा मिळतो, आणि मधली लिस्ट तयारच होत नाही.

पायरी ४: आकडे अ‍ॅरेमध्ये ठेवा

काही वेळा सगळे आकडे हाताशी लागतातच, आलेख काढायला किंवा दोन महिन्यांची तुलना करायला. इथे सगळ्यात जास्त जागा वाचते, म्हणून हिशोब नीट मांडतो.

दर मिनिटाला एक नोंद म्हणजे दिवसाच्या १,४४० आणि वर्षाच्या ५,२५,६०० नोंदी. नवखा माणूस काय करतो? सीएसव्हीचा ‘डिक्टरीडर’ घेतो आणि सगळ्या ओळी लिस्टमध्ये भरतो. प्रत्येक ओळीची एक डिक्शनरी (रकान्याचं नाव आणि त्यातली माहिती यांच्या जोड्या), तिचीच जागा पायथनच्या आवृत्तीप्रमाणे १८४ किंवा २३२ बाइट. त्यात वेळ, तापमान, आर्द्रता हे तीन मजकूर, प्रत्येकाला किमान चाळीस-पन्नास बाइटचं ओझं. बेरीज करून पाहा: वर्षाची माहिती पावणेदोनशे ते सव्वादोनशे एमबीवर जाते. फाइल स्वतः तेरा-चौदा एमबीची असते. दोन जीबीच्या फोनवर सिस्टिम आणि इतर अ‍ॅप जाऊन जे उरतं, त्यात हा आकडा जड आहे.

आता फक्त तापमान घ्या आणि दशांश संख्यांच्या साध्या लिस्टमध्ये ठेवा. प्रत्येक संख्या ही पायथनमध्ये एक स्वतंत्र वस्तू असते, २४ बाइटची, आणि लिस्टमध्ये तिचा पत्ता ८ बाइटचा. म्हणजे प्रत्येक केळं वेगळ्या खोक्यात घालून वर पत्त्याची चिठ्ठी लावल्यासारखं. ३२ गुणिले ५,२५,६०० म्हणजे सुमारे १६.८ एमबी.

पायथनबरोबर येणाऱ्या ‘अ‍ॅरे’ मॉड्यूलमध्ये संख्या एकाला एक लागून ठेवल्या जातात, खोकं नाही, चिठ्ठी नाही. ‘एफ’ प्रकाराचा अ‍ॅरे घेतला तर प्रत्येक संख्येला ४ बाइट, सगळं मिळून २.१ एमबी. अजून कमी करता येतं. सेन्सर एकाच दशांशापर्यंत आकडा देतो ना? मग ४४.७ ला दहाने गुणून ४४७ ठेवा. ‘एच’ प्रकाराच्या अ‍ॅरेत −३२,७६८ ते ३२,७६७ पर्यंतचे पूर्णांक बसतात आणि प्रत्येकाला २ बाइट लागतात. वर्षभराचं तापमान १.०५ एमबीत. आर्द्रतेचा तसाच दुसरा अ‍ॅरे, मिळून २.१ एमबी.

आणि वेळ? ती साठवायचीच नाही. १ जानेवारीच्या मध्यरात्रीपासून मोजलं तर अ‍ॅरेतला क्रमांक हाच मिनिटाचा क्रमांक आहे. १,४४० ने भागलं की दिवस, बाकी राहते ती त्या दिवसातली मिनिटं. वीज गेली, सेन्सर बंद पडला, नोंदच आली नाही, अशा जागी −३२,७६८ भरून ठेवा. हे तापमान खानदेशात काय, पृथ्वीवर कुठेच येणार नाही, त्यामुळे ‘नोंद नाही’ ही खूण म्हणून ते निर्धोक आहे. मात्र सरासरी काढताना ही खूण वगळायला विसरू नका.

पावणेदोनशे एमबीवरून दोन एमबीवर. फोन तोच आहे, पायथन तोच आहे. हा फरक एकदा स्वतः मोजून बघा, मग पुढच्या प्रत्येक प्रोग्राममध्ये हात आपोआप अ‍ॅरेकडे जाईल.

नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी वापरणाऱ्यांना हेच सगळं तिथेही मिळतं, आणि गणितही वेगाने होतं. पण नमपाय नुसतं इम्पोर्ट केलं की इंटरप्रीटरची मेमरी दुप्पट-तिप्पट होते. पाच लाख आकड्यांची फक्त बेरीज करायची असेल तर ते ओझं कशाला? टर्मक्सवर नमपाय हवंच असेल तर ‘पिप’ने घेऊ नका. पिप बहुधा ते फोनवरच कंपाइल करायला बसतं, तासभर फोन तापतो आणि शेवटी कंपायलरच मेमरीअभावी मरतो. ‘पीकेजी इन्स्टॉल पायथन-नमपाय’ असं म्हटलं की तयार पॅकेज येतं.

पायरी ५: देवनागरी मजकूर किती जागा घेतो

हा भाग इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये सहसा सापडत नाही, कारण त्यांना गरज पडत नाही. आपल्याला रोज पडते.

पायथन ३.३ पासून मजकूर साठवायची पद्धत अशी: मजकुरात फक्त इंग्रजी अक्षरं असतील तर प्रत्येकी १ बाइट. देवनागरीचं एक जरी चिन्ह आलं तर त्या मजकुरातल्या प्रत्येक चिन्हाला २ बाइट. आणि इमोजी आला तर प्रत्येकाला ४ बाइट. प्रत्येकाला म्हणजे इमोजीला नव्हे फक्त, त्या अख्ख्या मजकुराला.

आता अहिराणी शब्दसंग्रहाची फाइल घ्या. ती एकाच मजकुरात वाचली, लाखभर चिन्हं आहेत, तर दोन लाख बाइट. कुणीतरी हौसेने एका नोंदीत केळ्याचा इमोजी टाकला की चार लाख. एका इमोजीने फाइलचा भार दुप्पट होतो. यावर उपाय म्हणजे पुन्हा ओळीओळीने वाचणं: मग इमोजीची शिक्षा फक्त त्या ओळीला मिळते.

चिन्ह आणि अक्षर यांतही फरक आहे. ‘बठ्ठा’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण त्यात ब, ठ, हलन्त, ठ आणि काना अशी पाच चिन्हं आहेत. शिवाय प्रत्येक मजकुराच्या वस्तूचं स्वतःचं ओझं आहे. देवनागरी मजकुराला ते साधारण ६० ते ७५ बाइट असतं. ‘काबर’, ‘आंडेर’ अशा चार-पाच चिन्हांच्या शब्दाला आठ-दहा बाइट मजकूर आणि साठ-सत्तर बाइट वेष्टन. छोटे शब्द हजारोंनी साठवणं पायथनमध्ये महाग पडतं ते यामुळे.

एक सोपी बचत मात्र लगेच करता येते. गावाच्या रकान्यात ‘शिंदखेडा’, ‘साक्री’, ‘अमळनेर’, ‘पारोळा’ हीच नावं पुन्हा पुन्हा येतात. फाइलमधून वाचताना पायथन दर ओळीला नवी प्रत बनवतो. वीस हजार ओळी असतील तर गावांच्या नावांचेच सुमारे दीड एमबी. ‘सिस’ मॉड्यूलमधलं ‘इंटर्न’ फंक्शन गावाच्या नावावर लावा. एक नाव मेमरीत एकदाच राहतं आणि सगळ्या ओळी त्याच एका प्रतीकडे बोट दाखवतात. शब्दाच्या रकान्याला हे लावू नका; तिथे बहुतेक नोंदी वेगळ्याच असतात, फायदा काही नाही.

शेवटची एक बाब, मेमरीची कमी आणि बरोबर-चुकीची जास्त: फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. डिस्कवर देवनागरी चिन्ह ३ बाइटचं असतं, मेमरीत २ बाइटचं. त्यामुळे फाइलचा आकार बघून मेमरीचा अंदाज बांधू नका.

पायरी ६: नोंदी कशात ठेवायच्या

तीन रकान्यांची एक नोंद डिक्शनरीत १८४ ते २३२ बाइट घेते, टपलमध्ये (न बदलता येणारी लिस्ट) ६४. नावाने रकाना हवा असेल तर क्लास करा आणि त्यात ‘स्लॉट्स’ (पुढे-मागे दोन-दोन अंडरस्कोर लावून) लिहा, म्हणजे प्रत्येक वस्तूला वेगळी डिक्शनरी मिळत नाही. पायथन ३.१० पासून डेटाक्लासला ‘स्लॉट्स’ हा पर्याय थेट देता येतो. एका शब्दाने काम होतं.

पण माझं स्पष्ट मत असं: शब्दसंग्रहासारखी गोष्ट मेमरीत ठेवूच नका. ती एसक्यूलाइटमध्ये ठेवा. ‘एसक्यूलाइट३’ मॉड्यूल पायथनबरोबर येतं, वेगळं काही बसवायचं नाही, आणि सगळा डेटाबेस म्हणजे एक साधी फाइल. शब्दाच्या रकान्यावर इंडेक्स बनवला की शोध क्षणात होतो. एसक्यूलाइटचा स्वतःचा कॅश मुळात सुमारे २ एमबीचा असतो. तुमच्याकडे दोन हजार शब्द असोत की दोन लाख, प्रोग्रामची मेमरी जवळपास तेवढीच राहते. धुळ्याकडची अहिराणी, रावेर-यावलची लेवा बोली, सातपुड्यातली पावरी, असं सगळं एका फाइलमध्ये वाढवत नेलं तरी फोन कुरकुरत नाही. ‘फेचऑल’ मात्र वापरू नका. कर्सरवर सरळ ‘फॉर’ लूप लावा, नाहीतर पुन्हा सगळं मेमरीत येऊन बसतं.

मला विचाराल तर आपल्या बोलींसाठी काम करू बघणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे शिकायला हवं. ज्या घरात अहिराणी बोलली जाते तिथे फोन आहेच, तोही बहुधा साधाच. शब्दकोश त्या फोनवर चालला तरच तो वापरला जाईल.

पायरी ७: ‘डेल’ केलं तरी आकडा का उतरत नाही

नवख्यांना हमखास पडणारा प्रश्न. मोठी लिस्ट ‘डेल’ केली, ‘जीसी’ मॉड्यूलचं ‘कलेक्ट’ही चालवलं, तरी व्हीएमआरएसएस फारसा खाली येत नाही. पायथन ५१२ बाइटपर्यंतच्या छोट्या वस्तूंसाठी सिस्टिमकडून मोठे गठ्ठे घेऊन ठेवतो. ३.१० पासून ६४ बिटवर एक गठ्ठा १ एमबीचा आहे. गठ्ठ्यातली एक जरी वस्तू जिवंत असली तर तो गठ्ठा परत जात नाही. पायथन ती जागा स्वतः पुन्हा वापरतो, पण अँड्रॉइडच्या हिशोबात ती तुमच्याच नावावर राहते.

म्हणून खरा उपाय एकच: शिखर वाढूच न देणं. ते टळतच नसेल, उदाहरणार्थ एक मोठी जेसॉन फाइल पूर्ण वाचावीच लागणार असेल, तर ते काम वेगळ्या छोट्या प्रोग्राममध्ये करा. तो फाइल वाचेल, एसक्यूलाइटमध्ये भरेल आणि संपेल. प्रोसेस संपली की सगळी मेमरी एका फटक्यात परत जाते. मुख्य प्रोग्राम हलकाच राहतो.

लिस्ट खरंच सुटली का, हेही पाहा. पायथनच्या परस्परसंवादी खिडकीत शेवटचं उत्तर ‘अंडरस्कोर’ या नावाखाली धरून ठेवलेलं असतं. फंक्शनची जुनी उत्तरं जपून ठेवणाऱ्या ‘एलआरयू कॅश’ला मर्यादा ‘नन’ दिली असेल तर तो कधीच काही सोडत नाही. ‘सॉर्टेड’ नवी लिस्ट बनवतं, लिस्टचं स्वतःचं ‘सॉर्ट’ जागच्या जागी काम करतं. लिस्टचा तुकडा काढला की प्रत बनते.

‘ओओ’ पर्याय देऊन पायथन सुरू केला तर डॉकस्ट्रिंग (कोडमध्ये लिहिलेली स्पष्टीकरणं) मेमरीत येत नाहीत. बचत थोडीशीच. सगळं करून झाल्यावर बघा.

पायरी ८: पायथन सोडून लुआ कधी घ्यावी

स्वतःचं अ‍ॅप बनवत असाल आणि त्याच्या आत एक छोटा इंटरप्रीटर हवा असेल, तर लुआचा विचार करा. ही भाषा १९९३ मध्ये ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोच्या विद्यापीठात तयार झाली. सगळ्या मानक लायब्ररींसह तिच्या इंटरप्रीटरची फाइल सुमारे ३०० केबीची असते. टर्मक्समध्ये ‘लुआ५४’ या नावाने पॅकेज मिळतं.

लुआमध्ये मजकूर म्हणजे नुसते बाइट. देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात, पण इमोजीने बाकीच्यांचा भार वाढत नाही. आणि ४० बाइटपर्यंतचे मजकूर लुआ आपोआप एकदाच साठवते. म्हणजे तेरा देवनागरी चिन्हांपर्यंतचं गावाचं नाव कितीही वेळा आलं तरी प्रत एकच. पायथनमध्ये जे इंटर्न सांगून करावं लागतं, ते इथे न सांगता होतं. टेबलमध्ये (लुआमध्ये लिस्टचं काम करणारा प्रकार) आकडे ओळीने ठेवले तर ५.४ आवृत्तीत प्रत्येकी १६ बाइट: पायथनच्या लिस्टच्या निम्मे, पण अ‍ॅरेपेक्षा पुष्कळ जास्त. मिनिटामिनिटाच्या नोंदींसाठी पायथनचा अ‍ॅरेच बरा.

मेमरी मोजायला ‘कलेक्टगार्बेज’ला ‘काउंट’ विचारा, उत्तर केबीत येतं. लुआचा कचरा गोळा करणारा भाग मुळात मेमरी दुप्पट होईपर्यंत थांबतो, त्या सेटिंगचा आकडा २०० असतो. ५.४ मध्ये ‘कलेक्टगार्बेज’ला ‘इन्क्रिमेंटल’ आणि १२० असं दिलं की तो वाढ वीस टक्के झाली की कामाला लागतो. मेमरी कमी, प्रोसेसरला काम जास्त. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, बागेत उभं राहून वापरायचं अ‍ॅप असेल तर हे जपून करा. तापलेला फोन स्वतःच प्रोसेसरचा वेग कमी करतो, त्यात आपण त्याला जादा काम दिलेलं असतं. १५० वर ठेवून प्रत्यक्ष फोनवर पाहावं. लूपमध्ये मजकुराला मजकूर जोडत नेऊ नका. तुकडे टेबलमध्ये भरून शेवटी ‘टेबल डॉट कॉनकॅट’ करा. कचराच कमी झाला तर तो गोळा करायचं कामही कमी.

अ‍ॅपमध्ये लुआ बसवली असेल तर अँड्रॉइड ‘ऑन ट्रिम मेमरी’ या कॉलबॅकमधून (सिस्टिम स्वतः बोलावते त्या फंक्शनमधून) जागा सोडायची सूचना देतं; अँड्रॉइड १४ पासून ती अ‍ॅप मागे गेल्यावरच येते. तो कॉल आला की लुआचा पूर्ण कलेक्ट चालवा आणि स्वतःचे कॅश रिकामे करा. आणि कुठे किती जाते ते बघायला कॉम्प्युटरला फोन जोडून ‘एडीबी’ या फोनला कमांड देणाऱ्या साधनातून ‘डम्पसिस मेमइन्फो’ चालवा, पुढे अ‍ॅपचं पॅकेज नाव. लुआची मेमरी त्यात ‘नेटिव्ह हीप’च्या ओळीत दिसते. जावाच्या ‘डाल्विक हीप’कडे बघत बसलात तर गळती सापडणार नाही. ही चाचणी ओळखीपाळखीत मिळेल त्या सगळ्यात कमी रॅमच्या फोनवर घ्या, आणि अ‍ॅप मागे टाकून, कॅमेरा उघडून, परत समोर आणून दुसऱ्यांदा घ्या.